न पोहोचलेल्या पेशी

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच ईशानीला गॅसचा वास आला. आधी तिला वाटलं, शेजाऱ्यांकडे सिलिंडर बदलत असतील. पण वर चढावं तसा वास दाट होत गेला, आणि दाराशी पोचेपर्यंत तिचा घसा खवखवायला लागला. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघराला लागून देवघर, आणि देवघरात तिचा धाकटा भाऊ देवदत्त पाठमोरा बसून निरांजनात वाती घालत होता. वाती घालून झाल्या आणि त्याने काडेपेटी उचलली.

"देवा! काडी ओढू नकोस!"

तो दचकून वळला. तोवर तिने धावत जाऊन काडेपेटी हिसकावून घेतली होती. स्वयंपाकघरात ओट्यावर दूध उतू जाऊन पसरलं होतं. त्या दुधानेच ज्योत विझली होती, आणि मग किती वेळ नुसता गॅस सुटत राहिला होता कोण जाणे. तिने शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि देवदत्तला दंडाला धरून गच्चीवर ओढत नेलं.

"आई कीर्तनाला गेली, मला म्हणाली दुधाकडे बघ," देवदत्त अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "मी विसरलोच गं ताई."

"दूध जाऊ दे. तुला वास नाही आला?"

"कसला?"

"गॅसचा. गल्लीत कुणालाही येईल एवढा होता."

देवदत्तने कठड्यावर हात ठेवला. खाली बघत, जरा हसून म्हणाला, "मला कसलाच वास येत नाही. लहानपणापासून. तुम्ही सगळे फुलं नाकाशी नेऊन 'वा' म्हणायचात, म्हणून मीही म्हणायचो. मला वाटायचं, सगळे असंच करतात. मोठा झाल्यावर कळलं की नाही. मग कुणाला सांगायचं?"

ईशानी गॅस विसरली. तिला आठवड्यापूर्वीचा आपलाच वर्ग आठवला.

गेली आठ वर्षं ती विद्यापीठात, प्राणिशास्त्र विभागात, नर उंदरांच्या मेंदूवर काम करत होती. मेंदूच्या तळाशी थोड्याशाच पेशी असतात, त्या पेप्टाइड नावाचे इवलेसे रेणू सोडतात. एका पेशीचं पेप्टाइड दुसरीला जागं करतं, दुसरीचं पेप्टाइड खालच्या ग्रंथीला निरोप देतं, आणि ग्रंथीचा निरोप रक्तातून वृषणांपर्यंत पोचला की नर वयात येतो. उंदीर असो, घोडा असो की माणूस, मांडणी तीच. आणि या निरोप देणाऱ्या पेशींची एक गंमत ती दर वर्षी वर्गात सांगायची. त्या मेंदूत जन्मतच नाहीत. त्या जन्मतात नाकात. गर्भ काही आठवड्यांचा असताना वासाच्या नसांचा माग धरून त्या नाकातून मेंदूत चालत जातात. आठवड्यापूर्वीच एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "मॅडम, रस्त्यातच अडकल्या तर?" आणि ईशानीने सहज उत्तर दिलं होतं, "तर तो नर वयात येत नाही, आणि त्याला वासही येत नाही." इतकं बोलून ती पुढच्या चित्राकडे वळली होती.

देवदत्त चोवीस वर्षांचा होता. त्याला दाढी फुटली नव्हती. त्याचा आवाज अजून मुलासारखा कोवळा आणि उंच होता.

हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच खटकत नव्हतं. वडील शिवरामपंत, मुलांचे आप्पा, यजुर्वेद शिकवायचे. देवदत्त त्यांचा मुलगा आणि त्यांचा सर्वांत चांगला शिष्य. काशीतल्या पंचगंगा घाटावर तो मंत्र म्हणायला बसला की नावाडी वल्हं थांबवून ऐकत. "काय आवाज आहे! मुलगा ब्रह्मचारी आहे, तेज आहे," असं लोक म्हणत आणि शिवरामपंतांची मान ताठ होई. दाढीचं कुणी काढलंच तर आई म्हणे, "आमच्या माहेरी सगळ्यांना उशिराच येते." आणि ईशानी, जिने आठ वर्षांत शेकडो उंदरांची वृषणं तराजूवर तोलली होती, तिने आपल्याच ताटाशेजारी बसून जेवणाऱ्या भावाकडे कधी त्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

देवदत्तचं लग्न बकुळ नावाच्या मुलीशी ठरलेलं होतं. पंचवीस दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने एकही काम धड केलं नाही. मेंदूचे काप काचेवर घेताना दोनदा फाटले. माणसांवरचे जुने लेख काढून ती वाचत बसली. वाचताना मनाशी म्हणत होती, नसेलही. वास सर्दीनेही जातो, दाढी काहींना खरंच उशिरा येते. मग एका लेखात तिला एक ओळ दिसली: अशा काही रुग्णांत एका हाताची हालचाल दुसरा हात आपोआप करतो. तिने लेख मिटला. यजुर्वेद म्हणताना उजवा हात स्वराबरोबर वर, खाली, बाजूला न्यावा लागतो. लहानपणी देवदत्तचा उजवा हात फिरला की मांडीवरचा डावाही हळूच फिरायचा. आप्पा ओरडायचे, "एक हात! एक!" शेवटी त्यांनी त्याला डावा हात मांडीखाली दाबून बसायची सवय लावली. अजूनही तो तसाच बसायचा.

आता शंका उरली नव्हती, फक्त भीती होती. हे त्याला सांगायचं कसं? बहिणीनं भावाशी बोलायची ही गोष्ट आहे का? आणि सांगितलं नाही तर पंचविसाव्या दिवशी दोन माणसांचं काय होणार?

चार दिवस ती नुसती घुटमळली. पाचव्या दिवशी दुपारी देवदत्त घाटावरून परतताना तिने त्याला वाटेतच गाठलं. एका रिकाम्या चौथऱ्यावर दोघं बसली. खाली दोन बायका चादरी वाळत घालत होत्या. ईशानीने उंदरांपासून सुरुवात केली, नाकातल्या पेशींवर आली आणि मग पुन्हा उंदरांकडेच वळली.

"माझ्याबद्दल बोलतेयस ना?" देवदत्तने विचारलं.

"हो."

त्याचे कान लाल झाले. तो उपरण्याचं टोक पिळू लागला.

"पाठशाळेत सगळी मुलं गंगेवर एकत्र नहायची," तो म्हणाला. "पंधराव्या वर्षापासून मी पहाटे एकटा जायला लागलो. सगळे म्हणायचे, किती नेम आहे याचा. नेम कसला, ताई. मला कुणी बघायला नको होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तुला काय सांगणार होतो? आप्पांना काय सांगणार होतो?" त्याचा उंच आवाज आणखी चढला आणि खालच्या बायकांनी वर पाहिलं. त्याने आवाज दाबला. "मला वाटलं, लग्न झालं की होईल. सगळ्यांचं होतंच ना, असं वाटलं."

ईशानीला रडू आवरेना. त्यानेच मग तिची समजूत काढली. "चुप हो, लोग देख रहे हैं," तो म्हणाला. कासावीस झाला की तो हिंदीत जायचा.

"डॉक्टरकडे येशील?"

"त्यांनी काही नाही असं सांगितलं तर?"

"तर मी तुझ्या पाया पडेन."

डॉ. वीणा श्रीवास्तव पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. ईशानी बाहेर थांबली. तपासणी पंधरा मिनिटांत झाली, रक्त घेतलं, मेंदूचं चित्र काढायला आणि हाडांची तपासणी करायला लिहून दिलं. अहवाल यायला आठ दिवस. त्या आठ दिवसांत घरी पत्रिका वाटणं चालू होतं. आई रोज ईशानीला कुठल्या साडीला कुठला काठ ते विचारायची आणि ईशानी भलतंच उत्तर द्यायची. देवदत्त जेवायला बसायचा, वरणभात कालवायचा आणि तसाच उठायचा. आई म्हणायची, "लग्नाचं टेन्शन आहे पोराला," आणि हसायची. ते हसू ईशानीला बघवत नसे.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावलं.

"बेटा, तुम्हारी दीदी ने ठीक पहचाना," त्या म्हणाल्या. वृषणांना चालना देणारी संप्रेरकं रक्तात जवळजवळ नव्हतीच. मेंदूच्या चित्रात वासाचं केंद्र असायला हवं तिथं काहीच नव्हतं. निरोप देणाऱ्या पेशी मेंदूत पोचल्याच नव्हत्या. "पण वृषणं बिघडलेली नाहीत. ती निरोपाची वाट बघतायत. वरचा निरोप येत नाही, तर आपण खालचा, ग्रंथीचा निरोप इंजेक्शनने देऊ."

"मूल?" देवदत्तने विचारलं. तो शब्द उच्चारताना त्याने ईशानीकडे पाहिलं नाही.

"होऊ शकतं. खात्री देत नाही. आठवड्यातून तीन वेळा इंजेक्शन, वर्ष, दीड वर्ष, कदाचित दोन वर्षं. नुसती दाढी-मिशी हवी असेल तर सोपा उपाय आहे, पण मूल हवं असेल तर हाच रस्ता."

"आणि काहीच केलं नाही तर?"

डॉक्टरांनी हाडांचा अहवाल त्याच्यापुढे सरकवला. "तुझी हाडं आत्ताच साठीच्या माणसासारखी आहेत. घाटाच्या पायऱ्या रोज उतरतोस ना?"

देवदत्तने मान हलवली. मग अगदी हळू विचारलं, "आवाज?"

"फुटेल. तेरा-चौदाव्या वर्षी फुटायचा तो आता फुटेल. कसा होईल, सांगता येत नाही."

परत येताना रिक्षात ईशानीला पहिल्यांदा वाटलं, आपण हे सगळं उकरून काढलं ते चुकलं तर नाही ना? त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाजवळ नव्हती, आणि तीच आपण हिरावून घेतोय.

शिवरामपंतांना सांगायचं काम ईशानीने केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोथीवरचं कापड उगाच दोनदा उलगडलं, पुन्हा बांधलं.

"लग्न होऊ दे. मग इंजेक्शनं देऊ," ते म्हणाले. "त्या लोकांना आत्ता काही सांगायची गरज नाही."

"आप्पा, त्या मुलीला कळायला नको?"

"तू मुलगी असून हे असलं बोलतेस, तेच मला ऐकवत नाही. काशीत आपलं काही नाव आहे, ईशानी."

"मग मी जाऊन सांगेन."

"तू सांगशील?" शिवरामपंत उभे राहिले. आई दाराआड येऊन उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"कुणी सांगायचं नाही," देवदत्त मागून म्हणाला. "मी सांगतो. माझं आहे ते मी सांगतो."

बकुळचे वडील बँकेत होते, बदलीवर नागपूरहून आलेले, आणि गंगेपलीकडे रामनगरला राहायचे. बकुळ तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायची. देवदत्तने ईशानीला बरोबर घेतलं. पूल ओलांडताना त्याने तिला विचारलं, "कुठल्या शब्दात सांगू?" आणि तिने उत्तर द्यायच्या आधीच म्हणाला, "राहू दे. सुचेल ते सांगेन."

बकुळच्या आईने चहा ठेवला. देवदत्तने बकुळशी दहा मिनिटं एकट्याने बोलायची परवानगी मागितली, आणि लग्न इतकं जवळ आलेलं म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ईशानी बाहेरच्या खोलीत बसली. कपातल्या चहावर साय धरली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दहाची वीस मिनिटं झाली. बकुळची आई मांडवाबद्दल काहीतरी सांगत होती आणि ईशानी "हो, हो" म्हणत होती.

दार उघडलं. देवदत्त सरळ बाहेर अंगणात गेला. बकुळ ईशानीसमोर आली. तिचे डोळे कोरडे होते, पण ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही उंदरांवर हेच काम करता ना? त्यांचं काय होतं? बरे होतात?"

ईशानीला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. "उंदरांचं काही आठवड्यांत कळतं," ती म्हणाली. "माणसाचं वर्ष-दोन वर्षं. बहुतेकांना गुण येतो. सगळ्यांना नाही."

बकुळने मान डोलावली, गणित तपासल्यासारखी. "त्यांनी स्वतः सांगितलं, हे मी विसरणार नाही. पण मी थांबेन असं मला आत्ता म्हणता येत नाही. मला खोटं म्हणायचं नाहीये."

चौथ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. बोलणं सभ्य होतं आणि अगदी थोडं होतं: लग्न होणार नाही. पत्रिका वाटलेल्या घरोघरी जाऊन आईने काय सांगितलं, ते तिने कुणालाच कधी सांगितलं नाही.

पौषात इंजेक्शनं सुरू झाली. शीतकपाटात लोणच्याच्या बरणीशेजारी बाटल्यांचा डबा आला. पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही आणि ईशानी रोज मनातल्या मनात घाबरत राहिली. मात्रा कमी पडत असेल का, निदान चुकलं असेल का? मग एके सकाळी मंत्र म्हणताना देवदत्तचा आवाज मध्येच तडकला. उंच स्वर घ्यायला गेला आणि घशातून एक घोगरा, अनोळखी आवाज बाहेर पडला. समोरची शिष्यमंडळी फस्सकन हसली. शिवरामपंतांनी पाठ थांबवला. दुसऱ्या दिवसापासून देवदत्त घाटावर गेला नाही.

"स्थिरावेल आवाज," ईशानी म्हणायची. "सगळ्यांचा स्थिरावतो."

"तेराव्या वर्षी फुटला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं," तो म्हणायचा. "आता अख्खी गल्ली ऐकतेय."

आप्पा त्याच्याशी जेमतेम बोलत. रागावले होते की शरमले होते, की त्या आवाजासाठी झुरत होते, ते घरात कुणाला विचारायची सोय नव्हती.

वैशाखात बातमी आली की बकुळचं लग्न झाशीच्या मुलाशी झालं. देवदत्त "बरं झालं" म्हणाला आणि वाचत बसला. ईशानीला बरं वाटलं, त्याने किती शांतपणे घेतलं म्हणून. पंधरा दिवसांनी ती दही काढायला गेली तेव्हा डबा तिच्या हाताला लागला. उघडून पाहिलं. सहा बाटल्या असायला नको होत्या, त्या जशाच्या तशा होत्या.

ती डबा घेऊनच त्याच्या खोलीत गेली. "हे काय आहे?"

"बंद केलं."

"अरे, मध्ये थांबवलं तर सगळं मागे जातं! पाच महिने—"

"कुणासाठी घेऊ, ताई?" त्याच्या गालांवर विरळ, काळी लव आली होती आणि आवाज दोन सुरांत हेलकावत होता. "ती गेली. आवाज गेला. लोक रस्त्यात बघून हसतात. तुझा प्रयोग पुरा व्हावा म्हणून घेऊ का?"

तो खोटं बोलत नव्हता असं ईशानीलाच वाटलं. कितीतरी वेळा तिने त्याच्याकडे पाहताना मनात नोंदी केल्या होत्या. किती आठवडे, किती बदल.

तेवढ्यात शिवरामपंत दारात आले. ते केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी ईशानीच्या हातातला डबा घेतला, चष्मा वर करून बाटलीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला.

"ही कशी भरतात?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, राहू द्या," देवदत्त म्हणाला.

"मी तुला सात वर्षं डावा हात मांडीखाली घालायला लावला," शिवरामपंत म्हणाले. "तुझी बहीण सांगते, तो तुझ्या हातात नव्हताच. मी छडी मारली आहे त्या हातावर." त्यांनी बाटली पुन्हा डब्यात ठेवली. "आवाजाचं मी बघतो. खालच्या पट्टीत शिकवेन, नव्याने. आपल्याला घाई कुठं आहे? पण पायऱ्यांवर पडून तुझी हाडं मोडलेली मला बघायची नाहीत. ईशानी, दाखव कशी भरतात."

देवदत्त भिंतीकडे तोंड करून बसला. शेवटी त्याने सदरा वर केला. इंजेक्शन पोटावर द्यायचं असतं, हे शिवरामपंतांना माहीत नव्हतं, आणि ते कळल्यावर त्यांनी इतक्या गंभीरपणे "असं होय?" म्हटलं की देवदत्तला हसू फुटलं. त्या घोगऱ्या आवाजातलं त्याचं हसू ईशानीने पहिल्यांदाच ऐकलं.

नंतरचे महिने सोपे गेले नाहीत. तीन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा एकही शुक्राणू नव्हता. सहा महिन्यांनीही नव्हता. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन जोडलं. दर वेळी अहवालाच्या दिवशी ईशानी सकाळपासून प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचत बसायची. रक्तात सगळं ठीक होतं, हाडं भरत होती, दाढी तर आता रोज करावी लागत होती. पण ज्यासाठी तिने भावाचं ठरलेलं लग्न मोडू दिलं, ते होणारच नसेल तर? हा प्रश्न देवदत्तने तिला कधी विचारला नाही. तिने मात्र तो स्वतःला रोज विचारला.

सतराव्या महिन्यात पुन्हा नमुना दिला. त्या दिवशी डॉ. वीणा स्वतः तपासणीच्या खोलीत होत्या. त्यांनी देवदत्तला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ईशानी बाहेर बाकावर बसली. बहिणीनं आत जायची ही जागा नव्हती, हे तिला कळत होतं, तरी पाय दाराकडेच वळत होते. पाच मिनिटं गेली. आत कुणीतरी खुर्ची सरकवली. आणखी दहा मिनिटं गेली. वाईट बातमी सांगायला इतका वेळ लागत नाही, असं तिला वाटलं. मग वाटलं, वाईट बातमीलाच तर लागतो.

देवदत्त बाहेर आला. तो तिच्या शेजारी बसला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

"त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं," तो म्हणाला.

"आणि?"

"तीन होते, ताई. सगळ्या काचेवर मिळून तीन. दोन पडून होते." त्याने एक श्वास घेतला. "एक चालत होता. वेडावाकडा, पण चालत होता."

ईशानीने हजारो पाहिले होते, झुंडीच्या झुंडी, आणि मोजताना कंटाळून जांभया दिल्या होत्या. तीन म्हणजे काहीच नाही, हे तिला ठाऊक होतं. तीनवरून पुढे जातात, हेही ठाऊक होतं. आणि पुढे जातीलच असं नाही, हेही.

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"चालू ठेवा म्हणाल्या."

त्याचा फोन वाजला. आप्पा होते. ईशानीलाही त्यांचा आवाज ऐकू येत होता, कारण फोनवर ते नेहमीच ओरडून बोलत.

"काय रे? काय झालं?"

"आप्पा, अजून वर्षभर तरी इंजेक्शनं घ्यायची आहेत," देवदत्त म्हणाला.

पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"घेऊ की," शिवरामपंत म्हणाले. "येताना सुया घेऊन ये. इथल्या संपत आल्यात."